पंचविसावी ओळ

संगणकाच्या त्या जुन्या टर्मिनलला ऑफिसात सगळे आजोबा म्हणत. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, पाठीला भलंमोठं कुबड, आणि चालू केलं की आधी घसा खाकरल्यासारखी घरघर. शीतगृहात नवे पातळ पडदे आणून बघितले होते. गारठ्यानं एकेकानं मान टाकली. आजोबा मात्र ठणठणीत. नियंत्रण खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल, आणि त्याला चिकटून तिचं.

बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर तिला मिळालेलं पहिलं काम आजोबांचंच होतं. इमारतभर फळांच्या थंड खोल्या. कोणत्या खोलीत किती थंडी आहे ते एका नजरेत कळलं पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. तिनं अख्ख्या इमारतीचा नकाशा साध्या अक्षरांत रचला. आडव्या भिंतीला छोट्या आडव्या रेघा, उभ्या भिंतीला उभी रेघ, कोपऱ्याला अधिकचं चिन्ह, दाराला मोकळी जागा. सगळ्यात वरच्या ओळीवर कंपनीचं नाव आणि घड्याळ. त्याखाली फाटक, नियंत्रण खोली आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर. मग लांब बोळ. मग थंड खोल्या. आणि तळाच्या, चोविसाव्या ओळीवर मागची भिंत. आजोबांना ओळीच चोवीस. तिथे इमारत संपत होती आणि पडदाही.

खरी गंमत कर्सरची होती. पुढचं अक्षर जिथे उमटणार तिथे लुकलुकणारा हिरवा ठोकळा, तो कर्सर. त्याला हवा तिथे न्यायचा तर ठरलेले कोड पाठवावे लागत: एस्केप, कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, रकान्याचा आकडा, शेवटी एच. हे कोड पडद्यावर छापले जात नाहीत, पाळले जातात. तिच्या टेबलावरच्या संगणकानं हुकूम सोडायचा आणि शेजारी आजोबांनी निमूट तिथे जायचं. शाळेत आलेखाच्या कागदावर आधी आडवं अंतर मोजायची सवय लागलेली, त्यामुळे सुरुवातीला तिच्या हातून ओळ आणि रकाना यांची हमखास अदलाबदल व्हायची.

“मॅडम, पत्ता सांगताना आधी मजला सांगता की आधी खोली?” साहेब चहाचा कप घेऊन मागे उभे राहायचे. “आधी ओळ, मग रकाना. उलट सांगाल तर आजोबा भलत्याच्याच घरात शिरतील. या वयात बरं दिसतं का ते?”

ती हसायची, पण कान दुसरीकडे असायचे. बोळाच्या टोकाला पाळणाघर, पाळणाघरात तिची लेक. घरात तिला पिटुकली म्हणत. नुकती चालायला लागलेली, बोलणं अजून ‘म्म’च्या पुढे सरकलेलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिचं मन तर या कलेत पारंगत होतं. खिडकीचा गज, सांडलेलं पाणी, घशात अडकलेलं बटण. दर थोड्या वेळानं तिचा हात फोनकडे जायचा.

“अगं, अत्ताच तर केला होतास फोन,” पाळणाघराच्या मावशी म्हणायच्या. “तेवढ्यात काय मिशा फुटल्या का तुझ्या लेकीला?”

नोकरी सोडायची नाही आणि लेकीला नजरेआड करायचं नाही, असे दोन हट्ट ती एकाच वेळी धरून बसली होती. दोन्हींपैकी एकही सुटणार नाही, हे तिनं स्वतःला बजावलं होतं.

आकडे लिहून झाले की कर्सर वर, घड्याळाशेजारी नेऊन उभा करायचा, असा तिचा नियम होता. कामाच्या माणसानं काम झाल्यावर जागेवर बसावं तसा. एका सकाळी ती डबा ठेवून बसली, तर कर्सर घड्याळापाशी नव्हता. तो पाळणाघराच्या चौकटीत लुकलुकत होता.

आधी ओळ, मग रकाना. तिनं आपला प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. चूक नव्हती. तिनं कोड पुन्हा पाठवला. कर्सर घड्याळापाशी गेला, क्षणभर थांबला आणि परत पाळणाघरात आला. पाळणाघरात काही तापमान मोजायचं नव्हतं. तिथे लिहायला तिच्या प्रोग्रामला कारणच नव्हतं.

ती बघत राहिली. ठोकळा एक घर उजवीकडे सरकला. थांबला. आणखी एक घर. मग खाली. पडत-धडपडत, मधेच बसकण मारत.

तिनं फोन उचलला. “मावशी, काय करतेय?”

“कोण, तुझी? खिडकीच्या बाजूला निघालीय. बसली बघ धपकन.”

कर्सर थांबला होता. खिडकीसाठी तिनं ठेवलेल्या फटीच्या अलीकडे.

“आता?”

“आता उठली. दाराकडे चाललीय. काय गं, आवाज असा का तुझा?”

“काही नाही. सर्दी.”

ती शिकलेली होती. वायरीत काही गडबड असेल, गारठ्यानं जोड सैल झाले असतील. जुळून येणं हाही एक प्रकार असतोच. पण खात्री करायची तर नीट करावी. तिनं साहेबांना सांगितलं, “मी जरा पाळणाघरात जाऊन येते. तेवढा वेळ कर्सर कुठे जातो ते बघाल?” लेकीला कडेवर घेऊन ती बोळातून जिन्यापर्यंत गेली, तिथे जरा थांबली, लेकीला परत ठेवून आली.

“तुमचा प्रोग्राम जाम भटक्या आहे हो,” साहेब म्हणाले. “पाळणाघरातून निघाला, जिन्यापाशी जाऊन उभा राहिला, पुन्हा पाळणाघरात. दुरुस्त करा ते.”

“करते,” ती म्हणाली.

केलं मात्र नाही. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. कुठल्या आईला असं मिळतं? समोर काम चालू, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात लेक. ठोकळा कोपऱ्यात गप्प बसला की समजायचं झोपली. गोल गोल फिरला की समजायचं, मावशींनी भोपळ्याएवढा लाल चेंडू काढलाय. तिनं फोन करणं बंद केलं. मावशींनी ते टोमणा मारल्याशिवाय सोडलं नाही. “फोन नाही, विचारपूस नाही. भरवसा बसला म्हणायचा आमच्यावर एकदाचा!”

मग एक दिवस तिनं स्वतःच कर्सर हलवला. मावशी कपड्यांना इस्त्री करत असायच्या ती जागा तिला पाठ होती. कर्सर सरळ त्या दिशेनं निघाला होता. एक घर, आणखी एक घर. फोन लावायला वेळ नव्हता. तिच्या बोटांनी विचार न करताच कोड पाठवला: एक घर डावीकडे. लागोपाठ आणखी एक.

कर्सर मागे आला.

थोड्या वेळानं मावशींचाच फोन. “अगं, थोडक्यात वाचली बघ. इस्त्रीला हात लावणार तेवढ्यात आपोआप मागे सरकली. कुणी फ्रॉक धरून ओढावं तशी. आणि मागे वळून बघतेय, कोण आहे म्हणून.”

तिनं फोन ठेवला. हे बरोबर नाही, असं तिला स्वच्छ वाटलं. आपण जिला ओढतोय ती ओढली जाते, म्हणजे ओढायची वाट उघडी आहे. आणि उघड्या वाटेवरून एकटी आईच जाईल असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी हे सगळं पुसून प्रोग्राम नव्यानं लिहायचा, असं तिनं पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सफरचंदांच्या गाड्या आल्या. थंड खोल्यांची दारं सताड उघडी, बोळात पेट्यांची ये-जा, जमिनीलगत पांढरी वाफ, आणि सगळ्या इमारतीत गोडसर, बोचरा वास. साहेब पेट्या मोजत फिरत होते. तिनं जुना प्रोग्राम बाजूला काढला आणि सवयीनं पडद्याकडे पाहिलं.

कर्सर नव्हता.

पाळणाघरात नाही, बोळात नाही, घड्याळाशेजारी नाही. पूर्ण नकाशा स्थिर, नुसता. काहीच लुकलुकत नव्हतं.

तेवढ्यात मावशी दारात आल्या. धापा टाकत, पदर खांद्यावरून घसरलेला. “इकडे आलीय का ती?”

“कोण?”

“अगं तुझी! एकीची आई मुलीला न्यायला आली, दाराची कडी उघडीच राहिली. वळून बघते तर...”

साहेबांनी गाड्या थांबवल्या. हमालांना खोल्या वाटून दिल्या. तुम्ही इकडून, तुम्ही तिकडून, पेट्यांच्या मागे बघा, फळ्यांच्या खाली बघा. थंड खोल्यांमध्ये मोठी माणसं जाडजूड कोट घालून जात. पिटुकलीच्या अंगात बिनबाह्यांचा फ्रॉक होता. एवढ्याशा जिवाला त्या गारठ्यात फार वेळ मिळत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुणी ते बोललं नाही.

तीही उठली. दारापर्यंत गेली. मग परत फिरली आणि खुर्चीवर बसली.

“अगं बसतेस काय?” मावशी ओरडल्या. “आई आहेस ना तू?”

“म्हणूनच बसतेय. तुम्ही जा. सापडली की मला हाक मारा.”

मावशींनी तिच्याकडे जे पाहिलं ते ती पुढे कधी विसरणार नव्हती. पण तिची बोटं कळांवर होती. कर्सरला हलवायचा जसा कोड असतो, तसा त्याला विचारायचाही असतो. तू कुठे आहेस, एवढंच विचारायचं. तो ओळ आणि रकाना सांगतो.

तिनं विचारलं.

उत्तर आलं: पंचवीस, एक.

तिनं पुन्हा विचारलं. पंचवीस, एक.

आजोबांना चोवीसच ओळी. पंचविसाव्या ओळीवर जा म्हटलं तरी कर्सर चोविसावर थांबतो. पुढे जागाच नाही. जिथे जाताच येत नाही तिथून तो उत्तर देत होता.

“साहेब!” ती बोळात ओरडली. “मागच्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?”

“पलीकडे?” साहेबांचा आवाज वाफेतून आला. “काही नाही. कातळ आहे. डोंगर फोडून तर बांधलीय इमारत. का?”

ती परत बसली. पाळणाघराची ओळ, पाळणाघराचा रकाना. पाठवला. जागा विचारली.

पंचवीस, एक.

एक घर वर. पाठवला. विचारलं.

पंचवीस, दोन.

एक घर वर.

पंचवीस, तीन.

वर बोलावलं की ती बाजूला सरकत होती. कातळाच्या आत, भिंतीला समांतर. स्वतः सरकत नसावी. इस्त्रीपासून मागे आली तेव्हा ती स्वतः कुठे सरकली होती?

बोळातून हमालांच्या हाका येत होत्या. “इथं नाही!” “इथंपण नाही!”

“ठीक आहे,” ती पडद्याला म्हणाली. शांतपणे, हट्टी मुलाला म्हणावं तसं. “तू येत नाहीस ना? मग मी तुझं घरच इकडे आणते.”

आणखी एक कोड असतो. त्यानं कर्सर हलत नाही. सगळा पडदा एक ओळ वर सरकतो. वरची ओळ काचेबाहेर जाते आणि खालून नवी ओळ येते. नवी ओळ नेहमी कोरी असते.

तिनं तो पाठवला.

कंपनीचं नाव आणि घड्याळ वर जाऊन नाहीसं झालं. फाटक वर सरकलं, पाळणाघर सरकलं, मागची भिंत एक ओळ वर आली. आणि तिच्या खाली नवी ओळ उगवली.

ती कोरी नव्हती.

डावीकडून उजवीकडे एक भिंत काढलेली होती. तिच्याच पद्धतीनं, छोट्या आडव्या रेघांनी. मधे दाराएवढी मोकळी जागा. त्या जागेत हिरवा ठोकळा लुकलुकत होता.

“सापडली!” बोळातून साहेबांची हाक आली.

ती उघडी वाट बंद व्हावी म्हणून तिनं आधी आजोबांची वायर भिंतीतून उपटली. मग धावली.

शेवटच्या खोलीत, मागच्या भिंतीशी, पिटुकली उभी होती. साहेबांनी तिला उचललं. त्यांचा चेहरा जमिनीवरच्या वाफेसारखा पांढरा पडला होता. “ही खोली मी स्वतः बघितली होती,” ते पुन्हा पुन्हा सांगत होते. “दोनदा बघितली. रिकामी होती हो. देवाशप्पथ रिकामी होती.”

“रडली का?”

“नाही. मला बघून हसली.”

तिनं लेकीला छातीशी घेतलं. हात गरम. पाय गरम. गालही. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, मूल अगदी ठणठणीत आहे, आईनं मात्र काहीतरी खावं. मावशी तिच्या गळ्यात पडून रडल्या. तीही रडली. लेकीच्या केसांत नाक खुपसून तिनं दीर्घ श्वास घेतला. तिच्या स्वतःच्या साडीला, मावशींच्या पदराला, साहेबांच्या कोटाला, सगळ्यांना सफरचंदांचा वास येत होता. त्या केसांना कसलाच वास नव्हता.

दमलीय, तिनं स्वतःला सांगितलं. मी दमलीय.

घरी पोचली तेव्हा खिडकीतून अजून ऊन येत होतं. नवरा कामावरून लवकर निघून आला होता. त्यानं लेकीला घट्ट धरलं, मग पलंगावर बसून मांडीवर घेतलं, आणि काही घडलंच नाही असं स्वतःला पटवायला त्यांचा नेहमीचा खेळ काढला. तिच्या डोक्यावरून चादर टाकायची आणि शोधायचं.

“अरेच्चा! कुठे गेली? आमची पिटुकली कुठे आहे?”

चादरीखालून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

“पंचवीस. चार.”

तो उडालाच. “ऐकलंस? अगं ए, ऐकलंस का? बोलली! आणि एकदम आकडे! तू शिकवलंस होय गं? मला न सांगता?”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातला पेला तिनं अगदी हळू ओट्यावर ठेवला.

“परत विचार,” ती म्हणाली.

“आमची पिटुकली कुठे आहे?”

“पंचवीस. सात.”

चादर हलत नव्हती. तिच्याखाली पाय दिसत होते, ते त्याच्या मांडीवर स्वस्थ पडले होते. पण आकडा पुढे गेला होता.

तेव्हा तिला आपली चूक कळली. तिनं मुलीला वर आणलं नव्हतं. ओळ वर आणली होती. ओळीवर जे उभं होतं ते वर आलं, आणि दारातून जे आलं त्याला साहेबांनी उचललं. आणि लगेच तिनं वायर उपटली होती. लेक पलीकडेच राहिली होती.

“आता कुठे आहे?” नवरा हसत होता.

“पंचवीस. नऊ.”

म्हणजे चालतेय. एकटी, अंधारात, अजून चालतेय. चालतेय तोवर वेळ आहे. तिनं चपला घातल्या, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं.

“कुठे निघालीस?”

“ऑफिसात. एक काम अर्धं राहिलंय.”

“अत्ता? आजच्या दिवशी? वेडी आहेस का तू?”

“हो. तू विचारत राहा. थांबू नकोस. मोठ्यानं विचार, मला ऐकू येईल असं. आणि ती चादर काढू नकोस.”

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चादरीची कड धरून ठेवली.

ती जिना उतरू लागली. जिन्यात ऊन पोचत नव्हतं, पण पायऱ्या दिसत होत्या. दार तिनं उघडंच ठेवलं होतं. वळणावर पोचली तेव्हा वरून नवऱ्याचा आवाज आला, जरा बावरलेला.

“आता कुठे आहे गं?”

वरून उत्तर आलं नाही.

उत्तर जवळून आलं. ती उभी होती त्याच्या एका पायरी खालून.

“पंचवीस,” असं म्हणून तो आवाज थांबला. पुढे त्याला एकच अक्षर येत होतं. “म्म.”

खाली बघितलं तर पायरी रिकामी दिसेल, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं बघितलं नाही. नजर समोरच्या भिंतीवर ठेवून हात खाली केला आणि वाट पाहिली.

बर्फासारखी गार, इवली बोटं तिच्या तळहातात आली. सफरचंदांचा वास आला. तिनं मूठ मिटली. आता सोडायचं नव्हतं.

वर, नवऱ्याच्या मांडीवर, चादरीखाली, कुणीतरी खुदकन हसलं.